अठरा चाकांची सवत

आमच्या सासऱ्यांनी उभ्या जल्मात एकाच गोष्टीवर जीव टाकला, आन ती गोष्ट म्हंजी माझी सासू न्हवं. हे मी माझ्या मनचं सांगत न्हाई, सासूच सांगायची. जात्यावर बसली की सांगायची, आडावर गेली की सांगायची, आन मी जावई म्हनून पैल्यांदा त्यांच्यात जेवाय बसलो तवा ताटात भाकरी टाकता टाकता तिनं मलाबी सांगटलं, "जावईबापू, आता घरातलंच झालासा म्हनून कानावर घालते. मला सवत हाय. मुंबईला असती. अठरा चाकं हायत तिला." माझा घास तोंडातच ऱ्हायला. आमी नदीकाठची, आष्ट्याकडची मानसं. सवती लय बघिटल्या, पर चाकाची एकबी न्हाई. मी बायकूकडं बघिटलं, तर ती पदरात तोंड घालून हसत हुती. मग मी भाकरीकडं बघत बसलो. भाकरी काय उलट इचारत न्हाई.

ती सवत म्हंजी जंबो जेट. सासऱ्यास्नी मी मामा म्हनायचो आन सासूला मामी. मामांचं गाव आटपाडीच्या अंगाला, माळावरची एक वाडी. कुसळं आन दगूड सोडलं तर तितं काय पिकत न्हाई, म्हनून घरातला एक गडी मिलिटरीत आन बाकीची मेंढरामागं, असा तिथला रिवाज. मामा मिलिटरीत गेलं, आन तितनं सुटलं ते घराकडं न येता मुंबईच्या इमानतळावर चौकीदार म्हनून लागलं. खांद्यावर बंदूक, पायात बूट, आन काम काय, तर उभ्या इमानाच्या नाकापास्नं शेपटापतुर फेऱ्या मारायच्या आन कुनाला हात लावू द्यायचा न्हाई. मामांनी तेवढा लावायचा. आदी बारकी जेटं हुती, तवर मामांचं बरं चाललं हुतं. मग जंबो आली आन मामा कामातनं गेलं. वर्षातनं एकदा रजेवर यायचं, ट्रंक खाली ठिवायच्या आदी जंबोचं सुरू करायचं, आन रजा सपली की सांगता सांगताच यष्टीत चढायचं. मामी म्हनायची, "लगीन झाल्यापास्नं ह्यांची सावली माझ्यापरास त्या सटवीच्या अंगावर जास्त पडलीया."

आन सांगनं तरी कसं! मामा उकिडवं बसायचं, बिडी पेटवायचं, आन हाताला जे घावंल त्याची जंबो करायचं. म्हस जवळ असली तर म्हशीच्या पोटावरनं हात फिरवायचं. "बघा पावनं, कुटं हाड लागतंय का? तशी जंबो. लाखानं खिळं मारल्यात, पर एकाचं डोकं हाताला लागायचं न्हाई." ही दुष्काळाच्या आदीची गोष्ट. तवा म्हशीच्या पोटाला हाडं लागत नव्हती. मग चाकाचं निघायचं. "एक चाक माझ्या छातीला येतंय. अशी अठरा. कशाला? तर वजन वाटून घ्याया. एकट्यानं उचललं तर मरंल. समद्यांनी उचललं तर जमिनीलाबी कळायचं न्हाई." इंजनाच्या तोंडात म्हनं गडी पटका बांधून उभा ऱ्हातोय. पंख उभ्या जागी खाली वाकल्यालं असत्यात, पळाय लागली की वर उचलत्यात. "वाकत्यात म्हनून तर मोडत न्हाईत," असं म्हनून मामा माझ्याकडं अशा नजरंनं बघायचं की जनू मी मोडायलाच बसलोय. आन मानंपाशी कुबड, कुबडात माडी, माडीला जिना. इमानात जिना! आमच्या सासरवाडीत एकाबी घराला माडी नव्हती. एका म्हाताऱ्यानं इचारलं, "जिना वरनं खाली यायला का खालनं वर जायाला?" मामांनी त्याच्याशी बोलनं सोडलं.

पर मामांचा खरा जीव उडन्यात नव्हता. ते म्हनायचं, "उडायचं काय कवतिक हाय? चिलटबी उडतंय. बघायचं ते टेकताना. एवढं धूड, आख्खी वाडी पोटात घिऊन येतंय, आन टेकतंय कसं? झोपल्यालं पोर कडंवरनं खाली ठिवावं तसं. धक्का न्हाई." हे सांगताना मामा आवाज बारीक करायचं आन तळहात जमिनीवर असा ठिवायचं की धूळसुदीक उडायची न्हाई.

मला पोरगी दिली तीबी जंबोवरच. आमच्यात बघाय गेल्यावर पोरीला इचारत्यात, नाव काय, सैपाक येतोय का. मामा रजेवर आल्यालं, त्यांनी पोरगी बाजूला ठिवली आन मलाच धरलं. "किती शिकलासा?" मी म्हनलो, "शाळंच्या भिंतीपतुर." "बरं. जंबोला चाकं किती?" मला वाटलं हे कंच्यातरी हत्तीचं नाव असंल, पर चाकं इचारल्यात म्हंजी गाडी असनार. म्हनलो, "दोन." मामांनी बिडी इझवली. "दोन? सायकल हाय व्हय ती?" माझ्या चुलत्यानं मला कोपरानं ढोसलं, म्हनून मी सुदारलं, "मग तीन." मामा हासलं ते खोकला येस्तवर हासलं. म्हनलं, "अडानी हाय, पर गडी भीत न्हाई. द्या पोरगी." आतनं मामीचा आवाज आला, "दोन चाकंच ठावं हायत न्हवं? मग ह्यो तरी घरात ऱ्हाईल." अशी माझी निवड झाली. माझ्यात कायतरी हाय म्हनून न्हाई, माझ्यात काय न्हाई म्हनून.

मामांच्या संगं कुटं जानं म्हंजी शिक्षाच. यष्टीत बसायच्या आदी गाडीला फेरी मारायची, दर टायरला बुटानं हानायचं. इस्लामपूरच्या स्टँडवर डायवर वरनं वरडला, "मामा, तिकीट काडलंया का टायर इकत घेतासा?" बसल्यावर डोक्याचा पटका सोडून कंबरंला आन बाकड्याला बांधायचा, पट्टा म्हनून. मलाबी बांधाय लावायचं. एकदा स्टँड आला तरी मला माझी गाठ सुटंना, गाडी डेपोत गेली, मी बाकड्यासकट. औंधाला यमाईच्या जत्रंला गेलो तर तिथला पुजारी मोठ्या मनानं दीपमाळ दावाय लागला. मामांनी मान वर करून बघिटलं, डोळा बारीक केला, आन म्हनलं, "चांगली हाय. जंबोचं शेपूट जरा जास्त भरंल." पुजाऱ्यानं दावायचा हात खाली घेतला. मग मामांनी गाभाऱ्याकडं बघून हात जोडलं, "आई, तुला कमी लेखत न्हाई. पर हाय ते हाय."

आन बैलगाडी. आता गाडीचं वजन मागं जास्त झालं की गाडी उलाळ हुती, जू वर उचलून बैलाच्या गळ्याला फास बसतोय. फुडं जास्त झालं की मानंवर वझं पडतंय. हे बारक्या पोरालाबी ठावं असतंय. पर मामा गाडी भरायला लागलं की मुंबईच्या इमानात सामान भरल्यागत भरायचं. मानसं हातावर तोलून बसवायचं. जाड बाई चाकावर, म्हातारी फुडं, पोरं मधी. समदी बसली की जू हातानं हालवून बघायचं आन वरडायचं, "पावनं, मागं!" मी मागं. "ईतभर फुडं!" मी फुडं. "जरा मागं!" दुसऱ्या कशाच्या उपेगाचा नसल्यानं गाडी तोलायला जावई, असा माझा हुद्दा ठरला. मागं पाय सोडून, तोंड आल्याल्या रस्त्याकडं. जाताना मला गाव लांब जाताना दिसायचं, आन कुटं चाललोय ते पोचल्यावर कळायचं.

बहात्तर साली पाऊस गेला तो गेलाच. मानसं दुष्काळातनं नदीकडं निघाली आन मी एकटा नदीकडनं दुष्काळात निघालो. वाटंत मानसं थांबून माझ्याकडं बघायची, येड्याकडं बघत्यात तसं. कारन मामीच्या पोटात गाठ निघाल्याली. माझी बायकू आईचं करायला फुडं गेल्ती, आन आष्ट्याला माझं भाऊ म्हनलं, तूबी जा, तुज्याबिगर हितं काय अडत न्हाई. ते खरं हुतं, म्हनून गेलो. मामाबी तवर नोकरीवरनं सुटून घरी आल्यालं. मिरजंच्या दवाखान्यात मामीचं पोट उघडलं आन तसंच शिवलं. डाक्तर म्हनला, घरी न्या, जे खावंसं वाटंल ते खाऊ द्या. मामी परत येताना गाडीत पडल्या पडल्या म्हनली, "मानूस चांगला हाय, पर दुष्काळात सांगतोय." घरात रेशनवरच्या लाल मिलो जुंधळ्याची भाकरी हुती, ती मोडली तर ठिकऱ्या व्हायच्या. आडात उतरून वाटीनं पानी भरावं लागायचं. शेरडं कवाच इकली, बैलं छावणीला, म्हस त्याच्या आदीच गेल्ती. वाडीतनं कुत्रीबी निघून गेली. मला बघून गेली न्हाईत, आदीच गेल्ती.

समदी वाडी पाझर तलावाच्या कामावर. मला खडी फोडाय बसवलं, मी पैल्याच दिशी माझं बोट फोडलं. बुट्ट्या उचलाय लावलं, तर माती बांधाच्या आदी माझ्या डोळ्यात. शेवटी मुकादमानं कट्टाळून माझ्या हातात चुन्याच्या फक्कीचं घमेलं दिलं. मुकादम दोरी लावायचा, मी दोरीवर पांढरी फक्की सोडत जायाचं. आन कामावरचा कायदा एकच: फक्कीच्या आत खांदायचं, भाईर न्हाई. मुकादम यायच्या आदी टोळ्या येऊन मऊ जागा धरायच्या, कारन उशीर झाला की वाट्याला खडक यायचा. कागद कुनाला वाचाय येत नव्हता, फक्की समद्यास्नी वाचाय यायची. म्हंजी त्या कामावर लिवनारा मी एकटाच हुतो. आमच्या घरान्यात पैलाच.

एका दिशी मी कामावरनं आलो तवा मामी बाजंवर पडल्याली आन मामा उशाला. मामीचं हात काटकीगत झालं हुतं, पर तोंड तसंच हुतं. ती म्हनली, "मला कायबी खावंसं वाटत न्हाई. मला तुमची ती सवत दावा."

मामा म्हनलं, "तुला बरं वाटलं की मुंबईला नेतो."

"आवं, मला आता आडापतुर कोन नेईना, आन तुमी मुंबईला नेतासा. थापा मारायला मी काय बारकी पोर हाय?"

"मग कशी दावू?"

"ते तुमी बघा. सारा जल्म दाराकडं बघत काडला मी. तुमी तिच्याकडं बघत काडला. ती केवढी हाय ते तरी कळू द्या मला. उगंच एखाद्या बारकीसाठी एवढं सोसलं आसलं, तर मरताना वंगाळ वाटंल."

 जंबोचं नाव निघालं आन मामा बोललं न्हाईत, हे मी पैल्यांदा बघिटलं. ते उठलं, भाईर गेलं, माळाकडं तोंड करून उभं ऱ्हायलं. मग मला हाक मारली, "पावनं, तुमच्याकडं फक्की किती हाय?"

तलावाच्या कामाला लागूनच मोठा सपाट माळ हुता. मुकादमाला मी फक्की मागिटली, त्यानं कशाला म्हनून इचारलंबी न्हाई, म्हनला, "ने. तू काय खानार हायस व्हय ती?" दुसऱ्या दिशी काम सुटल्यावर, दिवस मावळायच्या आत, मामांनी जंबो आखाय घेतली. मामांचं माप पावलात. नाकापास्नं शेपटापतुर किती पावलं, हे त्यांच्या पायाला पाठ हुतं. पर थोडं चालून ते थांबलं. "पावनं, पाऊल बारीक झालंया माझं. जंबो आखूड हुईल." म्हनून मला चालाय लावलं. आता मी जल्माचा फेंगड्या. मी सरळ चाललो तरी डावीकडं जातोय. मामा मागनं वरडायचं, "पावनं, उजवीकडं! आवं, इमान आटपाडीकडं वळाय लागलं!" शेवटी त्यांनी माझं खांदं मागनं धरलं आन बैल हाकावा तसं मला हाकलं. फुडं मी, मागं मामा, मधी फक्की. पोट झालं, पंख झालं, शेपूट झालं. कुबडाची जागा मामांनी दोनदा पुसून घातली. अठरा चाकास्नी अठरा दगूड. तोवर अंधारून आलं. मामा शेपटाच्या टोकाला उभं ऱ्हाऊन नाकाकडं बघत हुतं, आन नाक दिसत नव्हतं एवढी ती लांब हुती. मामा बारीक हासलं. "उंद्या सकाळी आनू तिला."

सकाळी मामांनी छावणीवरनं बैलं आनली. हाडं आन वर कातडं, एवढंच. गाडीत गोधडी अंथरली. मामीला उचलून फुडं ठिवली, आन जू हालवून बघत ऱ्हायलं, बघत ऱ्हायलं. "पावनं, मागं. लय न्हाई. बैलाच्या मानंला काय लागाय नगं आन तिलाबी काय लागाय नगं." मी मागं पाय सोडून बसलो. वाटंत दगूड आला की मामा बैलास्नी थांबवायचं, दगूड बाजूला करायचं, मग फुडं. एवढ्या हळू गाडी गेल्याली मी जल्मात बघिटली न्हाई. मामी म्हनली, "आवं, हितं पोचस्तवर तरी जगू द्या मला."

मी मागं तोंड करून, म्हनून मला काय दिसलं न्हाई. मला नुस्ता आवाज आला. टिकाव, खोरी, बायकांचा गलका. मग गाडी थांबली आन मामा जे वरडलं ते मिलिटरीतलं हुतं.

मी खाली उडी टाकली. माळावर बायकांची एक आख्खी टोळी हुती. जंबोचा डावा पंख गुडघ्याएवढा खांदून झाला हुता आन पोट निम्मं. चाकाचं दगूड एका अंगाला रचून ठिवल्यालं.

टोळीची म्होरकी बायजाक्का टिकावावर हात ठिवून उभी. "आवं मामा, वरडायला काय झालं?"

"ही जंबो हाय!"

"कुनाचं रान असू द्या. फक्की हाय न्हवं? आमी आदी आलो, जागा आमची."

"ती तलावाची फक्की न्हाई!"

"फक्कीवर काय नाव लिवल्यालं असतंय? सकाळी येऊन बघतोय तर नवी फक्की. म्हनलं मऊ दिसतीया, खडकाच्या आदी धरू." मग तिनं माझ्याकडं बघिटलं. "आन हात ह्याचाच हाय की. ही वाकडी रेघ दुसऱ्या कुनाला यायची?"

तेबी खरं हुतं. कामावर मी सरळ रेघ कवा मारली नव्हती, म्हनून माझी रेघ समद्यास्नी वळखू यायची.

मामा खाली बसलं. उकिडवं न्हाई, मातीत मांडी घालून, मयताला बसत्यात तसं. डोक्याचा पटका काडून मांडीवर ठिवला. "मोडली," म्हनलं. एवढंच. मी तितंच उभा. मला काय सुचंना म्हनून घमेलं शोदाय लागलो. घमेलं घरी हुतं.

तवर मुकादम आला. त्यानं खांदल्यालं बघिटलं आन टोळीवर भडकला. ह्यो खड्डा हिशोबात धरायचा न्हाई, आजचा दिस तुमचा फुकट, म्हनाय लागला. बायजाक्काचं तोंड काळं पडलं. त्या दिसाची भाकरीच गेली की! मागच्या बायकांनी हातातल्या बुट्ट्या खाली ठिवल्या. 

तवा गाडीतनं मामीचा आवाज आला. "का वरडतासा रं? मला दिसतीया की."

आमी समदी तिकडं बघाय लागलो. मामीनं हातानं गाडीचा दांडा धरला हुता आन मान वर काडली हुती. "आवं, तुमच्या फक्कीची रेघ माझ्या डोळ्याला दिसली असती व्हय? घरातला दिवा मला दिसंना. आता हे खांदल्यालं दिसतंय. काळं काळं. ह्यो का तिचा पंख?"

मामांनी वर बघिटलं. "व्हय. डावा."

"एवढा?"

"एवढा."

"आन पोट कुटपतुर?"

मामा उठलं. मुकादमानं गाडीकडं बघिटलं, मामीकडं बघिटलं, आन त्याचा आवाज खाली आला. त्याची आईबी त्याच उन्हाळ्यात गेल्ती. थोडा येळ पायानं ढेकळं फोडत उभा ऱ्हायला आन बायजाक्काला म्हनला, "बांधाला मातीच पायजे न्हवं? हितली न्या. धरतो मी हिशोबात." आन टोळीकडं पाठ करून उगंच दोरी गुंडाळाय लागला.

मग मामांना चेव आला. बायजाक्काला म्हनलं, "बाई, खांदलंयसा तर आता बसा. समद्या पोटात बसा, वळीनं. केवढी हाय ते तिला दिसू द्या." बायका हासल्या, पर बसल्या. कामावर खायला मिळायची ती सुकडी वाटायची येळ झाली हुती, दुसऱ्या टोळ्याबी आल्या, त्यास्नीबी मामांनी बसवलं. जाडी मानसं पंखापाशी, बारकी शेपटाकडं. दुष्काळात जाडी मानसं घावंनात, म्हनून एका ठिकानी दोन दोन. वाडीतलं निम्मं मानूस पोटात बसलं तरी शेपूट रिकामंच. समद्यांच्या हातात सुकडी, तोंडावर धूळ, आन माळावर ऊन असं की दगूड तडकावा. मामा मधनं फिरत हुतं. "हात आत घ्या. पदर आत घ्या." एका म्हातारीनं इचारलं, "कुटं जानार हाय ही?" बायजाक्का म्हनली, "जितं पानी असंल तितं." त्यावर कोन हासलं न्हाई.

मामांनी मामीला गाडीतनं उचलली, फुडल्या अंगाला नेली आन खिडकीजवळ म्हनून मातीच्या कडंला टेकवून बसवली. कशी बसवली, ते मी बघिटलं. धूळ उडाली न्हाई.

मामीनं मागं वळून शेपटाकडं बघिटलं. लय येळ बघिटलं. मग म्हनली, "मोठी हाय. खोटं न्हवतं तुमचं." थोड्या येळानं म्हनली, "एवढ्या मोठीफुडं माझी याद कशी यायची तुमाला?"

मामा तिच्या फुडं बसल्यालं. मातीत बोट फिरवत हुतं. "डूटी सपली तरी मी थांबायचो. ती उठली की कंच्या अंगाला वळती ते बघायचो. समद्या समुद्राकडं जायाच्या. एकांदी आपल्याकडं वळंल म्हनून बघायचो. एकबी वळली न्हाई."

मामीनं त्यांच्या डोक्यावरची माती झटकली. "आता वळलीया की," ती म्हनली. "ह्या येड्यानं आखली म्हनून वळली. सरळ आखली असती तर गेली असती तीबी." एवढं कवतिक माझं कुनी जल्मात केलं न्हाई. मी उभ्या उभ्या रडाय लागलो, आन बायजाक्का म्हनली, "पानी वाया घालवू नगा, पावनं."

त्या आठवड्यातच मामी गेली. सकाळची गेली, गडबड न करता. तिरडीला चौघं फुडं झालं तर मामा म्हनलं, "चौघं नगा. लय जन लागा. वजन वाटून घ्या." वजन न्हवतंच. एकट्यानं कडंवर नेली असती तरी चाललं असतं. पर बायजाक्काच्या टोळीतल्या बायकांचं गडी, मुकादम, समदी लागली, दोन पावलं जागा नव्हती एकमेकाच्या मधी. मी मागल्या अंगाला. मला दुसरी जागा ठावं नव्हती. विसाव्याला तिरडी खाली ठिवायची येळ आली तवा मामा फुडं आलं, तळहात जमिनीच्या वर आडवा धरला आन हळू हळू खाली आनत गेलं. कुनी काय सांगितलं न्हाई, पर समदी त्या हाताकडं बघत तसतशी वाकली. टेकली तवा कळलंबी न्हाई.

फुडं पाऊस झाला, तलाव झाला, आन मी बायकूसंगं मामांपाशीच ऱ्हायलो. माळावर त्या डाव्या पंखात पानी साठायचं आन गवत तितंच आदी उगवायचं. शेरडं पंखात चरायची. मामा तिकडं बसायचं न्हाईत. वाटंनं गेलं तर मान फिरवायचं. जंबोचं नावबी काडायचं न्हाईत. वाडीतल्यांनी मुद्दाम इचारलं तर म्हनायचं, "जुनी गोष्ट हाय." यष्टीत पटका डोक्यालाच ऱ्हायचा. टायरला कुनी हानलं न्हाई म्हनून मलाच भ्याव वाटायचं.

एका दिशी आमी दोघं बाजारला निघालो. मी सवयीनं मागं जाऊन पाय सोडून बसलो. मामांनी जू धरलं, हालवलं, आन बराच येळ तसंच उभं ऱ्हायलं. फुडची जागा रिकामी हुती. गाडी उलाळ हुती.

"पावनं," मामा म्हनलं, "फुडं या."

मी फुडं आलो. मामीच्या जागंवर बसलो. एवढ्या वर्सांत पैल्यांदा मला रस्ता फुडनं येताना दिसला, आन कुटं बघायचं ते मला कळंना. बैलं चालाय लागली. आमी माळापतुर आलो, पंखावरनं फुडं गेलो. मामा मान फिरवून बसल्यालं. मग माझ्याकडं न बघताच त्यांनी इचारलं, "पावनं, जंबोला चाकं किती?"

आता अठरा दगूड मी माझ्या हातानं ठिवल्यालं. झोपंत उठवून इचारलं तरी सांगंन.

"दोन," मी म्हनलो.

मामा हासलं. खोकला येस्तवर न्हाई, जरासंच. मग म्हनलं, "सायकल हाय व्हय ती?" आन बैलाच्या पाठीवरनं हळूच हात फिरवला, हाड लागतंय का बघितल्यागत.